दुसरी बादली

आमच्या सिनेगॉगमध्ये हल्ली वेळेवर गेलं नाही तर खुर्ची मिळत नाही. माझे दीर ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. एके काळी दहा पुरुष जमण्याची मारामार होती. दहा झाल्याशिवाय आमची पूर्ण प्रार्थना होत नाही, म्हणून आमचे हे हयात असताना दहाव्या माणसाला कुठून कुठून धरून आणायचे. एकदा तर दात काढायला निघालेल्या एका गृहस्थाला, गाल टम्म सुजलेला, तसाच आणून उभा केला होता. आता त्याच सभागृहात मला मागे उभं राहावं लागतं आणि तिशीतली कोणी मुलगी प्रेमाने हात धरून विचारते, "आजी, तुम्ही इथे नवीन का?"

श्रेय ज्याचं त्याला द्यायला पाहिजे. दीर फर्निचरचं दुकान विकून मोकळे झाले आणि अध्यक्ष झाले. गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याला बसवायचं, बोलणं मग, हे त्यांचं दुकानातलं तत्त्व. तेच त्यांनी देवाच्या घरी लावलं. कडक लाकडी बाकं गेली, गादीच्या खुर्च्या आल्या. शनिवारच्या प्रार्थनेनंतर गरम जेवण सुरू झालं. गाण्याचा वर्ग, तरुण जोडप्यांची संध्याकाळ, लांबच्या वस्त्यांतून मुलांना वर्गाला आणणारी बस, धर्मविधी सांगायला पगारी तरुण रब्बी, आणि प्रत्येक गोष्टीचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. ज्यांच्या आजोबांनी आमच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांची नातवंडं पत्ता विचारत आली. दगडाला पाझर फोडला म्हणायचं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी तोंडभर कौतुक केलं असतं. दिराचं करायचं तर माझ्या जिवावर येतं, आणि त्याला कारण एक खोली आहे.

सिनेगॉगच्या अंगणाच्या टोकाला ती खोली होती. मधोमध दगडी ओटा, जमिनीत पाणी जायला मोरी, भिंतीला नळ, खुंट्यांवर आमचे एप्रन. आमच्यात माणूस गेलं की पुरण्याआधी समाजातलीच माणसं त्याला शेवटची आंघोळ घालतात. पुरुषांना पुरुष, बायकांना बायका. आधी अंग धुवायचं. ज्या भागावर हात चालू असेल तेवढाच उघडा, बाकी सगळं चादरीखाली. मग चादर काढून तीन बादल्या पाणी, डोक्यापासून पायांपर्यंत. पहिली बादली संपायच्या आत दुसरीची धार लागली पाहिजे, दुसरी संपायच्या आत तिसरीची. मध्ये धार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एकटीला ते जमत नाही. कितीही तरबेज असा, माणसाला हात दोनच.

आम्ही पाचसहा जणी होतो. दोघींना तर आम्हीच आंघोळ घातली. एक मुलाकडे परदेशी गेली, एकीची मनगटं गेली. उरलो मी आणि धाकटी. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ, अध्यक्षांची बायको. औषधाच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य काढलेली, हाताने नेमकी आणि तोंडाने गोड. मी शिवणकाम करणारी आणि तोंडाने सुई. घरात आमचं पटलंच असं नाही. तिच्या साखरपेरणीचा मला कंटाळा यायचा आणि माझ्या फटकळपणाने ती आठ आठ दिवस रुसायची. पण त्या खोलीत आमचं कधी वाजलं नाही. पहिली बादली माझी, दुसरी तिची, तिसरी पुन्हा माझी. मला मान वळवून कधी बघावं लागलं नाही. माझी धार बारीक झाली की तिची लागलेली असायची.

मग समिती बसली. लहान मुलांसाठी खोली हवी होती. आईबाप मुलांना घेऊन येतात, अंगणात मुलं खेळतात आणि नेमकी "ती" खोली समोर, लोक बिचकतात, असं दिरांचं म्हणणं.

"भाऊजी, माणसं जन्मतात तशी मरतातही," मी म्हटलं.

"वहिनी, मरणाला भिऊन लोक आलेच नाहीत, तर पुढे इथे मरायलासुद्धा कोणी उरणार नाही."

सगळे हसले. मलाही हसू येत होतं, ते मी गिळलं. धाकटीकडे पाहिलं. ती स्वतःची नखं न्याहाळत होती. "मुलं येऊ देत, ताई," ती म्हणाली. "आपण काय, कुठेही जाऊ." नवऱ्याला ती चारचौघांत कधी आडवी गेली नाही. घरात गेली असेल तर मला माहीत नाही.

ओटा फोडून काढला. मोरी बुजवून वर रबरी चटई टाकली. भिंतीवर पिवळी बदकं आली. अंत्यविधीची व्यवस्था बघणारी एक कंपनी गावाबाहेर आहे, तिच्याशी बोलणं झालं, तिथलं स्टीलचं टेबल आम्हाला वापरायला मिळू लागलं. गाडीत बादल्या घालून आम्ही दोघी तिथे जायचो. उचलायला तिथली मदतनीस बाई हात लावायची, पाणी आमचं आम्ही घालायचो. येताना धाकटी गाडीत गुणगुणायची. गाडीत मागे रिकाम्या बादल्या आपटायच्या आणि मी म्हणायचे, "जरा हळू चालव, आपल्याला अजून कोणी धुणारं नाही."

ते बोलणं अंगाशी आलं. धाकटीच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली. मुलगी, आमची ठमी, दूरदेशी नोकरीला. तिच्याशी व्हिडिओवर बोलायचं असलं की धाकटी आधी मला बोलवायची. मी तिच्या डोक्याला रुमाल बांधायचे, गालांना रंग लावायचे, पाठीशी उशा रचायचे. पाच मिनिटं हसून बोलायची आणि फोन बंद झाला की उशांवरून घसरायची. "पोरीने मला अशी बघायला नको," म्हणायची. मी म्हणायचे, बघू दे की, आई आहेस, नटी नाहीस. ती ऐकायची नाही.

एका दुपारी तिने माझा हात धरला. तिच्या हातात आता नुसती हाडं होती.

"ताई, मला परक्या हातांनी आंघोळ नको."

"मी आहे ना."

"तू आहेस. पण दुसरी बादली?"

तिलाच हसू आलं. "अगं, एवढी माणसं जमवलीत यांनी. एक बाई मिळणार नाही होय?"

"मिळेल," मी म्हटलं. "मिळवते."

तसं मी वचन दिलं. त्याच आठवड्यात दिरांना गाठून सांगितलं की मला बायकांना हे काम शिकवायचं आहे. "एक मेसेज टाकतो, रांग लागेल बघा," ते म्हणाले. मेसेज टाकला. त्यावर इतके अंगठे आणि इतकी हृदयं आली की फोन थांबेना. मला वाटलं, उगीच आपण या पोरींना नावं ठेवत होतो.

शिकवायच्या संध्याकाळी चहा होता म्हणून बऱ्याच जणी आल्या. मी एका उशीला चादर घालून दाखवायला लागले. व्यायामशाळा चालवणारी एक धट्टीकट्टी बाई आहे, तिने विचारलं, हातमोजे मिळतात ना? मिळतात म्हटलं. दुसरीने विचारलं, याचा व्हिडिओ नाही का, घरी बघता येईल. तिसरी म्हणाली, किती सुंदर परंपरा आहे आपली, आणि डोळे पुसले. गाण्याच्या शिक्षिकेला मध्येच तालमीची आठवण झाली आणि तिच्यामागून अर्ध्या जणी उठल्या. बादली उचलून बघायला एकही पुढे आली नाही. पुढच्या वेळी मी आणि उशी, दोघीच होतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

धाकटी गुरुवारी सकाळी गेली. आमच्यात उशीर करत नाहीत, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथचा विसाव्याचा दिवस लागतो, मग पुरता येत नाही. म्हणजे शुक्रवारी दुपारच्या आत सगळं व्हायला हवं होतं. ठमीचं विमान पहाटे उतरणार होतं. दिरांनी ग्रुपवर कळवलं. ते रडत होते, तरी स्वतःच लिहिलं. खाली ओळीने हात जोडलेले, मेणबत्त्या, तुटलेली हृदयं. मी त्यांना लिहायला लावलं की आंघोळीसाठी एक बाई हवी आहे, एक असली तरी पुरे. त्या ओळीखाली पुन्हा हात जोडलेले.

मग मी फोन हातात घेतला. व्यायामशाळावालीला आधी लावला, कारण बादली उचलायला तिच्यापेक्षा बरी कोण? ती म्हणाली, "काकू, मला रक्त बघवत नाही हो." मी म्हटलं, रक्त नसतं. "तरी पण," ती म्हणाली. "मी पार्किंग बघते ना, गाड्या खूप येणार." दाताच्या डॉक्टरीणबाईंना पेशंट होते. गाण्याची शिक्षिका म्हणाली, "मी त्यांच्यावर एवढं प्रेम केलंय की मला ते सहनच होणार नाही." मला तोंडावर आलं होतं की मी काय तिचा दुस्वास करत होते? पण गरज मला होती, गप्प बसले. एकीला नवरा पाठवत नव्हता. एक म्हणाली, पुढच्या वेळी नक्की. रब्बींची बायको खरंच आली असती, पण तिला दिवस गेलेले, आणि गरोदर बाईने या कामाला जायचं नसतं. फोनवर तीच बिचारी रडली. सगळ्या काही ना काही करायला तयार होत्या. सँडविचेस होती, खुर्च्या होत्या, पडद्यावर दाखवायचे फोटो होते. पार्किंगसाठी तर इतके स्वयंसेवक झाले की नारंगी जाकिटं कमी पडली.

संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला. रात्री मी कफनाच्या कपड्यांना शेवटचे टाके घातले. त्याच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, नुसता टाका फिरवून सोडून देतात. जन्मभर गाठी मारणाऱ्या माझ्यासारखीला ते नेहमीच जड जातं. त्या दिवशी दोरा तीनतीनदा निघून आला.

शुक्रवारी सकाळी ठमी विमानतळावरून थेट त्या कंपनीच्या इमारतीत आली. लांब पांढरा बोळ, फिनेलचा वास, भिंतीला लावलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी एप्रन बांधून बसले होते. पायाशी तीन बादल्या. ती माझ्या गळ्यात पडली आणि मग भोवती बघायला लागली.

"काकू, बाकीच्या कुठे आहेत?"

"येतील."

"कोण येणार आहे?"

तिने बादल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहानपणापासून आईला आणि मला या कामाला जाताना बघितलेली पोर. धार तुटू द्यायची नसते हे तिला न सांगता माहीत होतं.

आत मदतनीस बाई थांबली होती. भली बाई. "मी घालते की पाणी, सांगाल तसं," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, उचलायला, वळवायला तुमचा हात लागेल, पण पाण्याचं बघते. बघते म्हणजे काय बघणार होते, मलाच कळत नव्हतं. धाकटीचं बोलणं कानात होतं. परक्या हातांनी नको. आणि तिची लेक म्हणाली, "मी येते."

"तू नाही यायचं," मी म्हटलं. "पोटच्या पोरीने आईला आंघोळ घालत नाहीत."

"का?"

"नाही घालत. आईचा मान असतो तो. आणि मुलीच्या डोळ्यांसमोर पुढे जन्मभर तेच राहतं."

"मग कोण धरणार दुसरी बादली?"

"ही बाई धरेल."

"आईने तुला सांगितलं होतं ना, परकं नको म्हणून? मला फोनवर म्हणाली होती ती." ठमीचा आवाज चढला. "सांग ना काकू, मी परकी आहे का?"

मी रब्बींना फोन लावला. पोरसवदा माणूस, भला आहे. तो चाचरत म्हणाला, योग्य नाही, पण अगदीच नाइलाज असेल तर मनाई आहे असं मी म्हणणार नाही. मग विचारलं, "दुसरं कोणीच नाही का?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, कोण आहे?" फोनमध्ये मागे खुर्च्या सरकवल्याचा खडखडाट ऐकू येत होता.

घड्याळ थांबत नव्हतं. मी दुसरा एप्रन ठमीला दिला. तिच्या आईचाच होता, तिला आखूड झाला.

धुतलं मी. ठमीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. केस, चेहरा, उजवी बाजू, डावी बाजू, नखं. मदतनीस बाई न बोलता वळवत होती. मी इतक्या जणींना धुतलं, पण माझ्या हाताखालचं हे अंग म्हणजे ज्या बाईशी मी लोणी-साखरेवरून भांडले, जिच्या बाळंतपणात मी रात्री जागले, तिचं. मग मदतनीस बाईला बाहेर जायला सांगितलं. बादल्या भरल्या. आणि चादर काढायच्या आधी म्हटलं, "ठमे, वळ. पाण्याकडे बघ. फक्त पाण्याकडे."

मी चादर काढली. ती वळली, आणि पाण्याकडे तिने पाहिलं नाही.

कोण पाहील? तिच्या आईच्या पोटावर वरपासून खालपर्यंत शिवण होती, घाईने घातलेली, माझ्या हाताखालच्या पोरीने घातली असती तर मी उसवायला लावली असती. छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्या इतक्या वर आलेल्या. डोक्यावर केसांचे चार पुंजके. रुमाल नाही, रंग नाही, उशा नाहीत. एवढे महिने दोघींनी मिळून त्या पोरीपासून जे लपवलं होतं, ते सगळं दिव्याखाली मांडलेलं. ठमीच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी कोणाचा ऐकला नव्हता.

"नको होत असेल तर ठेव बादली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मी पहिली बादली तिरकी केली. डोक्यापासून सुरुवात केली, खांदे, पोट, आणि बादली हलकी व्हायला लागली. मान वळवून बघावं लागणार असं वाटलं. नाही लागलं. ठमीची धार लागली होती. सावकाश, एकसारखी, हात न हलता. मी तिसरी उचलली. पाणी एकदाही तुटलं नाही.

कपडे घालून झाल्यावर आम्ही पायांशी उभ्या राहिलो. धाकटीचं आणि तिच्या आईचं नाव घेऊन मी रिवाजाप्रमाणे क्षमा मागितली, हातून काही कमीजास्त झालं असेल तर. एरवी ती समाजातल्या सगळ्यांच्या वतीने मागायची असते. मी ठमीच्या आणि माझ्या वतीने मागितली. बाकीच्यांना तोंड आहे, त्यांचं त्यांनी मागावं.

बाहेर बोळात दीर उभे होते. ठमीच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, अंगावर आईचा एप्रन. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, बराच वेळ घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, हे कुठे बोलायला नको."

सभागृह भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. नारंगी जाकिटवाले गाड्यांना हात करत होते. पडद्यावर धाकटी हसत होती. दिरांनी माइक घेतला, आणि ते बोलतातही छान. म्हणाले, आपण समाज नाही, एक मोठं कुटुंब आहोत. म्हणाले, तिची शेवटची सेवा आपल्याच भगिनींनी आपल्या हातांनी केली, याहून मोठं भाग्य कोणतं? सगळीकडे रुमाल निघाले. माझ्या शेजारी ठमी बसली होती. तिच्या ओल्या बाह्यांवर कोणीतरी शाल टाकली होती. ती समोर बघत राहिली.

निघताना व्यायामशाळावालीने माझे दोन्ही हात धरले. "काकू, किती धीराच्या हो तुम्ही. मला तर जमलंच नसतं."

"जमलं असतं," मी म्हटलं. "आली नाहीस."

ती हसली. म्हातारीने थट्टा केली असं वाटलं असणार तिला.

दुःखाचे सात दिवस घरात बसायचं असतं. बुटक्या स्टुलांवर आम्ही तिघं बसायचो आणि माणसांची रीघ लागायची. प्रत्येक जण डबा घेऊन. फ्रिजमध्ये जागा उरेना, ओट्यावर डब्यांची उतरंड. चौथ्या दिवशी माणसं जरा कमी झाली तेव्हा दीर फोन बघत म्हणाले, "वहिनी, बायका म्हणतायत, तुम्ही पुन्हा एकदा शिकवा. आता लोकांना महत्त्व पटलंय. बऱ्याच जणी तयार आहेत."

इतके दिवस दाबून धरलेलं बाहेर पडलं. "कशासाठी? पुढच्या खेपेला कोणाची पोर उभी करायची आहे? भाऊजी, तुम्ही माइकवर खोटं बोललात. तुमच्या स्वतःच्या बायकोच्या शवपेटीसमोर खोटं बोललात."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी फोन खाली ठेवला.

"मग काय सांगू, वहिनी?" ते म्हणाले. "एवढ्या घरांतून एक बाई निघाली नाही, हे सांगू? त्या माइकवर? मग हे सगळं मी कशाला उभं केलं? तिने तरी मला खोली का फोडू दिली?" आणि ते मोठ्याने रडायला लागले, दुकानात फसलेल्या माणसासारखे. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली पण असेल. पण मी उठून पाणीसुद्धा दिलं नाही.

ते आत जाऊन पडले. बाहेर मी आणि ठमी. खोलीतल्या आरशावर रिवाजाप्रमाणे कापड टाकलेलं होतं आणि ठमी त्या कापडाकडे बघत होती. चार दिवसांत ती आईविषयी एक शब्द बोलली नव्हती. लोक फोटो दाखवायचे, आठवणी सांगायचे, ती मान डोलवायची.

"काकू," ती म्हणाली, "मी आईचा चेहरा आठवायला जाते. लहानपणचा, दुकानातला, कुठलाही. येतच नाही. तेच येतं. टेबलावरचं."

मी तिचा हात हातात घेतला.

"तू तर इतक्या जणींना आंघोळ घातलीस. नंतर विसरायला होतं ना?"

"होतं," मी म्हणायला हवं होतं. धाकटी असती तर साखर घोळवून म्हणाली असती, आणि पोर त्या रात्री झोपली असती.

"इतरांचं होतं," मी म्हटलं.

माझी आई गेली तेव्हा तिच्या आंघोळीच्या वेळी मला दाराबाहेर बसवलं होतं. मी किती आकांत केला, तरी आतल्या बायकांनी कडी काढली नाही. मला आई आजही मशीनवर बसलेली दिसते, दातांनी दोरा तोडताना. हे मी ठमीला सांगितलं नाही.